मुक्काम वाचला

सौंसरहून छिंदवाड्याला जाण्याला आमच्याकडे "वर जाणं" म्हणतात. रामाकोना मागे पडतो, घाट लागतो आणि हवा बदलते म्हणून बसमधली माणसं खिडक्या ओढून घेतात. खाली कापूस, संत्री, ज्वारी; वर मका आणि गहू. खाली आम्ही मराठी बोलतो आणि वर पोचलो की हिंदी. ती हिंदी ऐकून वरचे लोक दुसऱ्याच वाक्याला ओळखतात की हा सौंसर-पांढुर्ण्याकडचा.

आमचा जिल्हा छिंदवाडा होता. शेताच्या बांधाची महसुली केस असो, अडलेली पेन्शन असो, अपंगत्वाचं प्रमाणपत्र असो, वर जावंच लागे. काम सकाळी असलं तर आदल्या दिवशीच निघावं लागे, कारण लहान गावाहून दोन बस बदलून वेळेवर पोचण्याची खात्री नसे. त्या आदल्या दिवशीच्या मुक्कामावर माझ्या मोठ्या बहिणीचं घर चालत होतं.

ताई लग्न करून वर गेली. भाऊजी एका ऑफिसात शिपाई होते. ते अकाली गेले तेव्हा आम्ही तिला खाली बोलावलं, पण ती आली नाही. दोन भाड्याच्या खोल्या होत्या आणि पुढे एक लांब पडवी. गावाकडचा कोणी ओळखीने झोपायला आला, त्याला तिने जेवू घातलं, त्याने पुढच्या वेळी आणखी एकाला आणलं, आणि अशी खानावळ सुरू झाली. तिला पाटी कधीच लागली नाही. सौंसरच्या स्टँडवर कोणाही कंडक्टरला विचारलं तरी तो सांगे, "ताईकडं जायचं ना? उतरवून देतो."

एक रीत आपोआप पडली होती. वर जाणारा रिकाम्या हाताने जात नसे. वरच्या बाजारातल्या ज्वारीला चव नाही असं ताईचं ठाम मत होतं. म्हणून जो तो आपल्या शेतातली पायलीभर ज्वारी घेऊन जाई. कोणी तुरीची डाळ, कोणी लिंबं, हंगामात संत्री. त्याची किंमत ताई जेवणातून वजा करी. कशी करी ते मला कधी समजलं नाही. मी जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींचा हिशोब ठेवणारा माणूस. मला राहवेना, म्हणून एकदा विचारलं.

"तुले कायले पाह्यजे?" ती म्हणाली. "कोणी उपाशी गेला का? कोणी भांडला का माह्यासंग? मंग झाला हिशोब."

पडवीत सगळे एका पंगतीत बसत. मागून आला त्याने पुढच्या रिकाम्या जागी बसायचं, मग शेजारी कोणीही असो. गावात जे एकमेकांच्या ओसरीवर चढत नसत ते इथे मांडीला मांडी लावून बसत आणि एकाच वाटीतला ठेचा घेत. वर आम्ही सगळे सारखेच होतो, घाटाखालचे. त्या पंगतीचं मला तेव्हा विशेष काही वाटलं नव्हतं.

पांढुर्णा वेगळा जिल्हा होणार ही बोलणी फार वर्षं चालू होती. ती खरी व्हायच्या बेतात आली त्या दिवसांतली एक संध्याकाळ मला नीट आठवते. मी बायकोच्या नावावरच्या जमिनीच्या कागदासाठी वर गेलो होतो. पंगतीत माझ्या एका बाजूला मोहगावचे काका होते, त्यांची बांधाची केस कित्येक वर्षं चालू होती. दुसऱ्या बाजूला लोधीखेड्याचे एक निवृत्त गुरुजी, पेन्शनच्या कामाने आलेले. ताई आत चुलीसमोर होती आणि दार उघडं होतं.

गुरुजींना नवा जिल्हा नको होता. "दोन-अडीच तालुक्यांचा कायचा जिल्हा?" ते म्हणाले. "मोठ्या घरात होतो तं मोठा वाटा मागता येत होता. आता लहान चूल अन् लहान भांडं. अन् द्याचाच होता तं सौंसरले द्याचा. कारखाने आपल्याकडं, नाव त्यायचं."

"मोठ्या घरात होतो खरं," काका म्हणाले, "पण गुरुजी, झोपून कुठी राह्यलो? पडवीतच ना?"

सगळे हसले. गुरुजींनाही हसू आलं, कारण त्यांची वळकटी त्यांच्या पाठीशीच ठेवलेली होती.

मी वेगळ्या जिल्ह्याच्या बाजूने होतो. माझी बाजू मी नेहमीप्रमाणे मांडली. वरच्या एका खेपेला जाण्यायेण्याचं भाडं लागतं, दोन वेळचं जेवण लागतं, शेतातले दोन दिवस मोडतात, एक मुक्काम पडतो. पांढुर्ण्याला सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येता येईल. म्हणजे दर माणसामागे, दर तारखेला, एक दिवस आणि एक मुक्काम वाचतो. हे दोन तालुक्यांतल्या माणसांनी गुणून पाहा. शिवाय ऑफिसं येतील, त्यांचे कर्मचारी येतील, त्यांना घरं लागतील, किराणा लागेल, पोरांना काहीतरी धंदा मिळेल, नागपूरची वाट थोडी कमी होईल.

"गुणून पाह्यलं," गुरुजी म्हणाले. "पोट्टे थांबतीन का? जिल्हा झाला म्हणून नागपूरचं तिकीट फाडून फेकन का कोणी? अन् वरचा साहेब पांढुर्ण्याले घर कायले करन? नागपूरले करन. गाडीनं येईन अन् गाडीनं जाईन."

"तुमचं सगळं वाईटच," मी म्हणालो.

"मी पेन्शनवाला माणूस हाव. मले चांगलं दिसाले वेळ लागते."

काका भाकरीचा तुकडा वरणात बुडवत होते. ते म्हणाले, "आपण पह्यले नागपूरपासून सुटलो. राज्यं झाली तवा नागपूर तिकडं गेलं अन् आपण इकडं मध्यप्रदेशात राह्यलो. माह्या बापाले कोणी विचारलं नाही. आता छिंदवाड्यापासून सुटून राह्यलो, पण ह्यावेळी आपणच मागतलं. एवढी तं सुधारणा झाली." मग आत बघून मोठ्याने म्हणाले, "बाई, माह्या वकिलानं तुह्या भाकरीपायीच केस लांबवली वो! माह्यासंग तोही जेवून जाते ना!"

"जेवून जाते, अन् पैसे तुमच्या नावानं सांगून जाते," ताई आतून म्हणाली. मग ती तव्यावरची भाकर तशीच सोडून दारात आली. हात पिठाने भरलेले होते. "झालं का तुमचं? मी तं ठरवलं. जिल्हा खाली आला का मीही खाली येते. किती वर्षं झाली, मले बी घराजवळ राहू द्या."

पंगत एकदम खूश झाली. कोणी म्हणालं, मंग तं ज्वारी वर चढवाचं कामच नाही. मला मात्र एक आकडा खटकला आणि मी तो बोलून दाखवला. "ताई, पांढुर्ण्याहून लोक संध्याकाळी घरी जातीन. मुक्कामाले कोणी राहणार नाही."

"दुपारी तं जेवतीन?"

"दुपारी जेवतीन."

"मंग? रात्रीचे गेले, दुपारचे दुप्पट येतीन. तूच तं आता गुणून राह्यला होता."

मी मनात पाहिलं. दोन तालुक्यांची कामं एका जागी येणार, रोजची वर्दळ वाढणार, दुपारी माणसाला भूक लागणारच. आकड्यात बसत होतं. गुरुजींनाही त्यात काही चूक सापडली नाही, आणि ते तर चूक शोधायला बसले होते.

जिल्हा झाला. पांढुर्ण्यात फटाके फुटले, सौंसरात काही घरी पेढे आले आणि काही घरी तोंडं उतरली. ताईने दोन-तीन महिन्यांत वरच्या खोल्या सोडल्या. सामान आणायला मीच टेम्पो घेऊन गेलो होतो. आवारातच राहणाऱ्या मालकीणबाई सकाळपासून पडवीत येऊन बसल्या होत्या. त्या मक्याच्या रोटीवर वाढलेल्या, पण ताईचा ठेचा त्यांना रोज लागे. पाटा-वरवंटा उचलायला मी वाकलो तेव्हा त्या म्हणाल्या, "भैया, सिल यहीं रहने दो. दीदी आएगी तो काम आएगी."

ताई म्हणाली, "राहू दे गा. जड आहे." पाटा तिथेच राहिला.

पांढुर्ण्याला नव्या ऑफिसांजवळ एका गल्लीत मी तिच्यासाठी एक खोली आणि पुढची ओसरी पाहिली होती. पहिल्या सोमवारी मी कामावरून सुट्टी काढून गेलो. ताईने पहाटेच पीठ काढलं होतं, वांग्याची भाजी आणि तुरीचं वरण करून ठेवलं होतं. दुपार झाली तशी आमची माणसं येऊ लागली. पहिले मोहगावचे काकाच आले. "शोधत शोधत आलो," म्हणाले. "म्हणलं, बसाचं तं बाईकडंच बसाचं." ते भिंतीला टेकून बसले, खांद्यावरच्या पिशवीतून एक फडकं काढलं आणि सोडलं. आत दोन भाकरी होत्या आणि डब्यात भाजी.

"सुनेनं सकाळी करून देल्ल्या," ते म्हणाले. "ऊनऊन बांधल्या. तू फक्त ठेचा दे अन् पाणी दे."

ताईने ठेचा दिला, कांदा फोडून दिला, पाणी दिलं. तिला आनंदच झाला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मग आणखी चौघे आले. त्यांच्याकडेही डबे होते. त्यांच्यामागून एक बाई मुलाला घेऊन आली, तिच्याकडे पोळीचा डबा होता. प्रत्येक जण ताईची विचारपूस करत होता, वरच्या पडवीच्या आठवणी काढत होता आणि आपापला डबा उघडत होता. ताई घागर घेऊन फिरत होती. आत परातीतलं पीठ तसंच होतं.

यात कोणाचीही लबाडी नव्हती, हे मी स्वच्छ सांगितलं पाहिजे. वर जाताना घरची भाकर बांधून नेली तरी दुसऱ्या दिवशी ती वाळून लाकूड व्हायची, म्हणून ताईची भाकर. इथे सकाळी निघालं की दुपारपर्यंत भाकर मऊ राहते. आणि ताई पांढुर्ण्यात आहे म्हटल्यावर दुसरीकडे झाडाखाली बसून डबा खाणं त्यांना तिचा अपमान वाटे. म्हणून ते मुद्दाम गल्ली शोधत येत. मुक्काम वाचवायला जिल्हा जवळ आणला होता, आणि जवळ आल्याने जेवणही वाचलं. ते मी गुणलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट मी तिथे पाहिली. ते एका पंगतीत बसले नाहीत. मोहगावचे एका कोपऱ्यात, सौंसरचे दारापाशी, त्यातही आपापले आपापल्याजवळ. डबा ज्याचा त्याच्या घरचा होता. कोणी कोणाच्या वाटीत हात घातला नाही.

वरून बदलून आलेल्या बाबू लोकांवर ताईने थोडी आशा ठेवली होती. पण गुरुजी म्हणाले होते त्यातलं बरंच खरं निघालं. पुष्कळांनी मुलांच्या शाळेसाठी नागपूरला घर केलं आणि ते गाडीने येऊन जाऊन करू लागले. एक तरुण बाबू काही दिवस आला. "आंटी, गेहूं की रोटी मिलेगी?" ताईने केली. तिचा हात भाकरीला बसलेला, पोळी जाड झाली. त्या बिचाऱ्याने ती संपवली, पण पुढच्या आठवड्यात तो ढाब्यावर दिसला. गुरुजी चुकलेही. ऑफिसची कामं खरंच लवकर होऊ लागली, दुकानं वाढली, गल्लीतल्या जागांना भाव आला. पुढे मालकाने ताईचं भाडं वाढवून मागितलं, जिल्ह्याचं ठिकाण आहे म्हणून.

मी तिला म्हणालो, "बसायचे, पाण्याचे, ठेच्याचे थोडे पैसे घेत जा. कोणी नाही म्हणणार नाही."

"घरी आलेल्या माणसापासून बसाचे पैसे घेऊ?" ती म्हणाली. "तू जिनिंगमधीच बस बाप्पा. तिथी वजनावर सगळं होते."

शेवट काकांपासून झाला. त्यांची केस नव्या ठिकाणी थोड्याच तारखांत निकालाला आली होती. मी त्या दिवशी भाडं द्यायला गेलो होतो. काका डबा खाऊन उठले, चप्पल घातली आणि गेले. ताईने त्यांची वाटी उचलली तर खाली शंभराची नोट. ती तशीच नोट घेऊन गल्लीत धावली, मागून मी.

"काका, हे काय हाय?"

काका थांबले. "राहू दे वो बाई. कितीक दिवस झाले, तुह्यं पाणी पिऊन राह्यलो, तुह्या मिरच्या खाऊन राह्यलो."

"मी पाण्याचे पैसे घेऊ का?"

"मंग कायचे घेशीन?" काका जरा चिडूनच म्हणाले. "दुसरं काय घेतो मी तुह्याकडून?"

काकांच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. त्यांनी नोट परत घेतली, घडी करून टोपीत ठेवली. "उद्या तारीख नाही, पण कागदाच्या नकलेसाठी येतो," ते म्हणाले. "डबा नाही आणत. तू वाढ."

दुसऱ्या दिवशी ते खरंच रिकाम्या हाताने आले. हे मला ताईने नंतर सांगितलं. तिने दोन भाकरी वाढल्या, वरण वाढलं. काका खात होते, वाखाणत होते. ताई समोर बसून पाहत होती. तिने हजारो माणसांना जेवताना पाहिलं होतं.

"काका, घरून जेवून आले ना तुमी?"

"नाही वो."

"भुकेला माणूस भाकर मोडते. तुमी चुरून राह्यले."

काकांनी मान वर केली नाही. ताटातलं सगळं त्यांनी संपवलं, हळूहळू, शेवटच्या घासापर्यंत. ताईने पैसे घेतले. मोजून, जेवणाचे जेवढे होतात तेवढे. आणि त्याच आठवड्यात मला फोन केला, "टेम्पो घेऊन ये गा."

आता ती आमच्याकडे सौंसरला आहे. माझ्या बायकोने तिला काही कमी केलेलं नाही आणि तिने माझ्या बायकोला एका शब्दाने दुखावलेलं नाही, पण स्वयंपाकघरात दोघी एकमेकींना वाट देत फिरतात, पाहुण्यांसारख्या. ताईचा मुलगा, माझा भाचा, नागपूरला कारखान्यात आहे. तो म्हणतो, इकडे ये, मुलांना सांभाळ. ती हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. भाकरी मात्र ती करते. आम्ही चौघे, पण तिचा हात परातीत मोठाच पडतो. रोज भाकरी उरतात. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या कुस्करून फोडणी देऊन खातो. मी मोजत नाही.

या हिवाळ्यात मला वर जावं लागलं. जमिनीचा एक जुना कागद हवा होता आणि तो अजून खाली आलेला नव्हता. निघताना बायकोने डबा दिला. ताईने एक पिशवी हातात ठेवली, ज्वारीचं पीठ होतं. "मालकीणबाईले दे," ती म्हणाली.

काम दुपारीच झालं. मी ताईच्या जुन्या घरी गेलो. खोल्या आणि पडवी एका दुकानदाराने गोदामाला घेतल्या आहेत, छपरापर्यंत खोकी लावलेली. मालकीणबाईंनी मला ओळखलं. पिठाची पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी घेतली. आत बसा म्हणाल्या, पण मला उशीर नको होता, म्हणून पडवीच्या पायरीवरच बसून मी डबा उघडला. त्यांनी आतून ठेचा आणून दिला. चव ताईच्या ठेच्याच्या जवळची होती, वाटण जरा भरड.

"दीदी कब आ रही है?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, सांगता येत नाही.

"सिल घिस गई है. मिर्च बारीक नहीं होती. दीदी की चीज़ है, इसलिए हाथ नहीं लगाया. उनसे पूछना, टाँकी लगवा लूँ क्या?" मग त्या म्हणाल्या, "आज रुक जाओ भैया, ठंड है. घाट में अँधेरा हो जाएगा."

मी थांबलो नाही. चारची बस होती. घाट उतरताना मला आठवलं की वर जाऊन त्याच दिवशी परत आलो असं माझ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. तेही जमण्यासारखं होतं, पहिली बस धरली तर. इतकी वर्षं आम्ही कोणी पहिली बस धरली नाही.

दिवेलागणीला घरी पोचलो. ताई परात घेऊन बसली होती.

"कुठी बसून जेवला?" तिने विचारलं.

"तुह्या पडवीच्या पायरीवर. आत खोकी आहेत."

तिने पिठात पाणी घातलं. मी पाट्याचं सांगितलं. मालकीणबाईंनी टाकी लावायची, म्हणजे झिजलेला पाटा टोचून खरखरीत करून घ्यायची, परवानगी मागितली आहे, असं अगदी त्यांच्या शब्दांत सांगितलं. ताईचा हात पिठात थांबला. मला वाटलं ती म्हणेल, राहू दे म्हणा, मी आल्यावर पाहीन.

"लावू दे म्हणा," ती म्हणाली. "मिरची वाटणारी ती आहे, तं पाटा तिचाच झाला. तुह्या भाच्याले फोन लाव. म्हणा, पुढच्या महिन्यात येते."

मी फोन लावला. ती भिजवलेला गोळा मळत होती. मग डब्यातून रोजच्यासारखं आणखी पीठ घ्यायला तिने मूठ घातली, आणि ती मूठ तशीच परत डब्यात सोडली. त्या संध्याकाळी भाकरी उरल्या नाहीत.